आर्डिसच्या वाटणीचं

आर्डिस टोलफसन घर सोडून गेली ती एका साध्या प्रश्नावरून. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, साडेपाचच्या जेवणाला, तिनं नवऱ्याला हॉटडिश वाढलं आणि विचारलं, "ऑरिन, काल रात्री आपण काय जेवलो?"

ऑरिननं काटा खाली ठेवला. हा माणूस काउंटीच्या रस्तेखात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेला. कुठल्या रस्त्याखाली कुठली मोरी कुठल्या साली घातली हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. त्यानं भरपूर विचार केला आणि म्हणाला, "चांगलं होतं."

"काय चांगलं होतं?"

"जेवण."

"आणि परवा?"

"तेही चांगलंच होतं की."

आर्डिसनं ओव्हन बंद केला, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि कोट चढवला. "मी डुलुथला बेव्हर्लीकडे जातेय," ती म्हणाली. बेव्हर्ली म्हणजे तिची धाकटी बहीण. "स्वतःच्या हातानं एक जेवण कर. काय जेवलास ते मला सांगता येऊ दे. मग बघू."

भांडण नाही, आदळआपट नाही. आमच्या लिंडलमध्ये, म्हणजे मिनेसोटाच्या ज्या कोपऱ्यात नकाशावाल्याचा हातही आखडता झाला तिथे, नवराबायको भांडत नाहीत. एकजण गाडीवरचा बर्फ खरवडायला बाहेर जातो, दुसरा तळघरात जाऊन बसतो आणि अशानं लग्नं पन्नास पन्नास वर्षं टिकतात. गाडीवरचा बर्फ खरवडून त्याच गाडीत बसून निघून जायचं, ही आर्डिसची नवी पद्धत. ऑरिननं गाडीचे दिवे वळणापर्यंत पाहिले. मग ताटातलं निवत होतं म्हणून आधी ते संपवलं. चांगलं होतं.

'मग बघू' याचा अर्थ 'मग मी परत येईन' असा त्यानं लावला. तिनं तसं काही म्हटलं नव्हतं. पण नवऱ्याच्या जातीला आपल्या सोयीचे अर्थ फार पटकन लागतात.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर फोन वाजला.

"आज काय जेवलास?"

"कॉर्नफ्लेक्स."

"आणि?"

"दूध."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला. हा फोन मग रोज येऊ लागला. दुसरं काही बोलणं नाही. तब्येत, हवा, घराचं तापमान, काही नाही. फक्त आज काय जेवलास. ऑरिनला वाटे, आपली रोज परीक्षा चाललीय आणि आपण रोज नापास होतोय. त्यानं मनाशी पक्कं केलं की एक हॉटडिश करायचं, तिला सांगायचं आणि बायको घरी आणायची. हॉटडिश म्हणजे काय मोठं? खाली परतलेला कांदा आणि खिमा, त्यावर डब्यातलं मश्रूमचं सूप, वर टेटर टॉट, म्हणजे बटाट्याच्या बोटभर तयार वड्यांचा थर, आणि सगळं काचेच्या लांबट भांड्यात घालून ओव्हनमध्ये. आमच्याकडे लग्न असो, मयत असो की नुसताच बुधवार असो, हेच असतं. ज्या माणसानं हमरस्त्यावर डांबराचे थर घातले त्याला बटाट्याचा एक थर जड जायचं कारण नव्हतं.

म्हणून तो दुकानात गेला. गावातल्या त्या एकुलत्या दुकानात ऑरिन टोलफसन जन्मभर दोनच गोष्टी घेत आलेला: बॅटरीचे सेल आणि पायऱ्यांवर टाकायचं मीठ. त्या दिवशी त्यानं गल्ल्यासमोर कांदे ठेवले. गल्ल्यावरच्या बाईनं कांद्यांकडे पाहिलं, मग ऑरिनकडे, मग पुन्हा कांद्यांकडे. मागे रांगेत लव्हॉन हेग उभी होती. लव्हॉन म्हणजे आमच्या चर्चच्या स्वयंपाक समितीची अध्यक्ष. या समितीपुढे आमचे पास्टरसुद्धा खालच्या आवाजात बोलतात.

"आर्डिस रविवारी दिसली नाही चर्चमध्ये," लव्हॉन म्हणाली. आमच्याकडे थेट प्रश्न विचारत नाहीत. एक वाक्य समोर ठेवायचं आणि थांबायचं.

"डुलुथला गेलीय."

"डुलुथला." लव्हॉननं कांद्यांकडे पाहिलं. "तिथलं हॉस्पिटल मोठं आहे म्हणतात."

इथं ऑरिननं सांगायला हवं होतं की लव्हॉन, बायको मला सोडून गेली. पण मागे आणखी दोघंजण उभे होते, पुढे गल्ल्यावरची बाई होती, आणि एवढ्या कांद्यांसमोर एवढं मोठं वाक्य कोण बोलणार? तो म्हणाला, "हं."

त्या 'हं'नं सगळा घात केला.

घरी येऊन त्यानं कांदा सोलायला घेतला, तोच दाराची घंटा वाजली. शेजारची मार्लिस क्वाम दोन्ही हातांनी झाकलेलं भांडं धरून उभी होती. डोळ्यांत पाणी. थंडीचं असेल असं ऑरिनला वाटलं.

"थोडंसं हॉटडिश केलं होतं, जास्त झालं," मार्लिस म्हणाली.

"नको गं, कशाला त्रास."

"त्रास कसला. घे."

"नको, खरंच."

"घे म्हणते ना."

आता, आमच्याकडची रीत अशी की देणाऱ्यानं तीनदा पुढे करायचं, घेणाऱ्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडं' म्हणून घ्यायचं. हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं. पण ऑरिनला खरोखरच नको होतं. आत अर्धा सोललेला कांदा होता, रात्री फोन यायचा होता. म्हणून जन्मात पहिल्यांदा तो तिसऱ्यांदाही म्हणाला, "नको मार्लिस."

मार्लिस थिजली. चौथ्यांदा काय म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "अरे ऑरिन," ती हळू आवाजात म्हणाली, "इतकं वाईट आहे का?" भांडं त्याच्या हातात कोंबून ती पळत घरी गेली आणि फ्रीजरमधलं दुसरं घेऊन आली.

समोर आलेलं अन्न टाकायचं नाही, ही ऑरिनच्या आईची शिकवण. कांदा फ्रीजमध्ये गेला.

"आज काय जेवलास?"

"हॉटडिश."

"तू केलंस?"

"मार्लिसनं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी लव्हॉनची समिती कामाला लागली. समितीत कुणाला विचारायची पद्धत नाही. एक फोन दुसऱ्या फोनला सांगतो आणि रोज साडेचारच्या आत एक भांडं दारात उभं राहतं. वाटाण्याचं हॉटडिश आलं. शेवयांचं आलं. कोंबडी-भाताचं आलं. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घातलेलं सॅलडही आलं. त्याला आम्ही सॅलड का म्हणतो ते देवाला ठाऊक. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ऑरिन ओव्हन पेटवायला चारला जाई तर घंटा वाजे, साडेतीनला जाई तर घंटा वाजे. एकदा तो दुपारी दोनलाच कांदा चिरायला बसला, तर पास्टरची बायको लवकर आली. तो रडताना सापडला. कांद्यानं रडतोय हे त्यानं सांगितलं. ते कुणाला खरं वाटणार? जाताना ती दारातच त्याच्यासाठी प्रार्थना म्हणून गेली.

फोनवर आता एक भलतीच यादी चालू झाली. "लव्हॉनचं. पास्टरीणबाईंचं. बँकेतल्या डोरीनचं." आर्डिस प्रत्येक नावाला 'बरं' म्हणे. तिच्या 'बरं'ची लांबी रोज कमी होत चालली होती. मुकादमाला लांबीरुंदीचं कळतं.

सकाळच्या कॉफीला हॉटेलात जुनी मंडळी बसतात. तिथे सल्ल्याला तोटा नाही. माइलो स्टेनरूड हा त्यांतला शहाणा, म्हणजे ज्याचं स्वतःचं लग्न दोनदा मोडलंय तो. ऑरिननं त्याला एकट्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"यात काय अवघड आहे?" माइलो म्हणाला. "मार्लिसचं दुसरं भांडं तुझ्या फ्रीजरमध्ये आहे ना? ते आर्डिसच्या भांड्यात घाल, गरम कर, फोटो काढून पाठव. लिही, मी केलं."

"ते खोटं होईल."

"फोटो खोटा असतो का कधी?"

ऑरिनला हे पटायला नको होतं, पण पटलं. आणि खरं सांगायचं तर या कामात त्याचा जीव रमला. गोठलेलं भांडं कोमट पाण्यात किती वेळ धरायचं, कडा कधी सुटतात, अख्खी लादी न मोडता कशी उचलायची, हे सगळं त्याच्या धंद्यातलं. भिंतीला पुट्टी भरायच्या दोन रुंद पात्यांनी त्यानं मार्लिसचं हॉटडिश उचललं आणि आर्डिसच्या निळ्या काठाच्या भांड्यात असं अलगद उतरवलं की वरचा एक टॉट जागचा हलला नाही. तेवढ्या मेहनतीत तीन हॉटडिश झाली असती. फोटो झकास आला. खाली त्यानं लिहिलं, 'मी केलं.'

फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला.

"ऑरिन, टॉटच्या ओळी बघ."

"सरळ आहेत."

"शेवटच्या दोन बघ. उजवीकडे कलल्यात. मार्लिसचा डावा डोळा अधू आहे, तिच्या शेवटच्या दोन ओळी जन्मभर उजवीकडे कलत आल्यात. लव्हॉन आडवे लावते. डोरीन कडेनं गोल लावते, नखरा म्हणून. इतकी वर्षं चर्चच्या जेवणांत तू पहिला रांगेत असायचास. तुला एकीचाही हात ओळखता येत नाही?"

ऑरिननं शेवटच्या दोन ओळी पाहिल्या. कलल्या होत्या.

"माझे कसे असतात, सांग बरं."

ते निळं भांडं त्याच्या समोर होतं. हजारो वेळा त्यानं त्यातून वाढून घेतलं होतं. "सरळ?" तो म्हणाला.

"बरं," आर्डिस म्हणाली.

त्या रात्री ऑरिनला मार्लिसचं हॉटडिश गोड लागलं नाही. हे सारं मुळापासून थांबवायला हवं असं ठरवून तो सकाळी लव्हॉनच्या घरी गेला. त्याला कॉफी मिळाली, दोनदा नको म्हटल्यावर केक मिळाला.

"जेवणं पुरे आता, लव्हॉन. फार झालं."

"समितीनं चालू केलेलं समितीनंच थांबवायचं असतं."

"मग थांबवा."

"तसं नाही थांबवता येत. माणूस बरं झालं की थांबतं. नाहीतर..." लव्हॉननं खिडकीबाहेर चर्चच्या दफनभूमीच्या दिशेनं पाहिलं. "नाहीतर मग चर्चच्या तळघरातल्या मयताच्या जेवणानंतर थांबतं. मधलं काही नाही आमच्यात. तिचं यांतलं नक्की कुठलं, तेवढं कळलं की मी बैठकीत मांडते. बैठक जानेवारीत."

"मधलं काही असेल तर?"

"म्हणजे काय?"

ऑरिननं केक खाल्ला आणि घरी आला.

रविवारी प्रार्थनेच्या वेळी पास्टर गुंडरसन यांनी डोळे मिटून आवाज खाली नेला. "आणि आपली भगिनी आर्डिस. डुलुथमध्ये ती जी झुंज देते आहे तिच्यात तिला बळ मिळो. आणि बंधू ऑरिनला, जो एकटा..." मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं. ऑरिन मान खाली घालून बसून राहिला. उठून दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो? पण आजवर आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधे उठून कुणी बोललेलं नाही. एकदा पोटमाळ्याला आग लागली होती, तेव्हासुद्धा आमेन होईपर्यंत लोक थांबले होते.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगितल्याशिवाय ही कथा खरी होणार नाही. लोक दारं उघडून धरत होते. हॉटेलात कॉफीचे पैसे घेत नव्हते. त्याच्या पायऱ्यांवरचा बर्फ त्याच्याआधी कुणीतरी काढून जात होतं. ज्याची बायको आजारी आहे त्या माणसाला गावात एक मान असतो. ऑरिनला तो मान आवडायला लागला होता.

चर्चची प्रार्थना हल्ली संगणकावरून घरोघर दिसते, म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय म्हणून. डुलुथला बेव्हर्लीच्या दिवाणखान्यातही दिसत होती.

त्या दिवशीचा फोन जेवणाआधीच आला. "मी कशाशी झुंजतेय, ते मला तरी सांग."

"मी तसं म्हणालो नव्हतो."

"मग काय म्हणालास?"

"हं म्हणालो."

"ऑरिन, बायको सोडून गेली असं सांगण्यापेक्षा ती मरायला टेकलीय असं गावाला वाटलेलं तुला बरं वाटलं?"

खरं उत्तर 'हो' असं होतं. ऑरिननं ते दिलं नाही. पण आर्डिसला त्याच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार पाठ होते.

"काय जेवलास ते आज विचारत नाही," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात नेहमीची कॉफी होती. ऑरिन गेला. लव्हॉन किटलीपाशी होती, मार्लिस कप मांडत होती, पास्टर बिस्किटांपाशी होते. ऑरिन मध्यभागी उभा राहिला. भर वादळात बर्फ हटवायच्या गाड्या बाहेर काढताना तो जसा बोले तशा आवाजात म्हणाला, "आर्डिस ठणठणीत आहे. ती मला सोडून गेलीय. रोज काय जेवतो ते मला आठवत नाही, म्हणून गेलीय."

किटलीतलं पाणी उकळत राहिलं. एवढं सरळ वाक्य त्या तळघरानं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी लव्हॉन म्हणाली, "बरं तर. कॉफी घे थोडी."

त्यानं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचार वाजले, पाच वाजले. घंटा वाजली नाही. जानेवारीच्या बैठकीची गरज पडली नाही, समितीचं काम एका रात्रीत आटोपलं. आजाऱ्याच्या नवऱ्यासाठी हॉटडिश असतं, विधुरासाठी तर दुप्पट असतं. बायको सोडून गेलेल्याला काय न्यायचं ते आमच्यात ठरलेलं नाही. त्यातून तो स्वतःच्या तोंडानं सांगतो म्हटल्यावर तर विचारायलाच नको. पायऱ्यांवर बर्फ तसाच साचला. हॉटेलात कॉफीचे पैसे घेतले. मार्लिस तेवढी फाटकापाशी थांबली. म्हणाली, "माझी भांडी, घाई नाही हं. सवडीनं." म्हणजे उद्या.

ऑरिननं फ्रीजमधला अर्धा सोललेला कांदा काढला. तो सुरकुतला होता. त्यानं दुसरा घेतला. पहिलं हॉटडिश त्यानं मोठ्या आचेवर ठेवलं आणि बाहेर बर्फ काढायला गेला. परत आला तेव्हा धुराचा भोंगा ओरडत होता आणि टॉटचे कोळसे झाले होते. ते त्यानं बर्फात पुरलं. दुसऱ्या वेळी तो ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसला. तिथे बसल्यावर त्याला कळलं की इथून जेवायचं टेबल दिसत नाही, फक्त भिंत दिसते. आर्डिस इतकी वर्षं काय बघत होती, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला. उत्तर समोरच होतं, फिकट पिवळ्या रंगाचं.

त्यानं दोन ताटं मांडली. वाढून घेतलं आणि एकेक घास नीट लक्ष देऊन खाल्ला. रविवारपासून फोन आलेला नव्हता, म्हणून यावेळी त्यानंच लावला.

"आर्डिस, आज काय जेवलो ते सांगतो."

"सांग."

"कांदा चौकोनी चिरला. मोठे झाले तुकडे. खिमा परतला, सुटलेलं तेल काढून टाकलं. सूप घातलं. मीठ विसरलो, मग वरून टाकलं, ते एकाच कोपऱ्यात पडलं. टॉट ओळीनं लावले नाहीत. ओतले."

"ओतले?" तिच्या आवाजात जरासं हसू होतं. कितीतरी दिवसांनी ऐकलं त्यानं ते.

"ओतले. डावीकडे जास्त पडले. खालून करपलंय. डावा कोपरा खारट आहे, मधलं बरं आहे. हे मला उद्याही आठवेल. पुढच्या महिन्यातही."

"आणि तळघरात जे बोललास ते मार्लिसनं फोन करून सांगितलं मला."

"खरं तेच बोललो."

"हो."

"मग," ऑरिन म्हणाला, "कधी येतेस?"

उत्तरासाठी त्यानं घाई केली नाही. तो जिंकला होता, तेवढं थांबायला हरकत नव्हती.

"ऑरिन," आर्डिस म्हणाली, "मी रोज फोन का करत होते, माहीत आहे? आले तेव्हापासून मला एकच घोर होता. हा माणूस उपाशी राहील, नाहीतर घर जाळून घेईल. रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, परत जावं लागणार. दोनदा कोटसुद्धा घातला होता. आता तुझं तुला येतंय. तुझी काळजी मिटली माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून फोन करणार नाही. बेव्हर्लीच्या मागची खोली मी भाड्यानं घेतेय. तुला नीट पत्र लिहीन."

ऑरिननं फोन दुसऱ्या कानाला लावला. दुसऱ्या कानालाही तेच ऐकू आलं असतं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्याला एकच वाक्य येत होतं, इतके दिवस रोज ऐकलेलं.

"तू काय जेवलीस आज?"

"टोमॅटोचं सूप," ती म्हणाली. "बेव्हर्लीनं केलं. मी बसून होते."

"चांगलं होतं?"

"फार चांगलं होतं. बरं तर, ऑरिन."

"बरं तर."

फोन ठेवून तो टेबलापाशी आला. समोरचं ताट कोरं होतं. भांड्यात बरोबर अर्धं हॉटडिश उरलं होतं, उजवीकडचं, मिठाचं प्रमाण बरं असलेलं. ते त्यानं मुद्दाम राखून ठेवलं होतं.

सकाळी मार्लिसचं राहिलेलं भांडं द्यायचं होतं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ऑरिननं ते विसळून पुसून घेतलं, बुडाचं नाव नीट आहे ना ते पाहिलं, आणि आर्डिसच्या वाटणीचं त्यात भरलं.